रिमोट डेस्कटॉपवर आवाज का येत नाही, व्हिडिओ का अडकतो?

ऐरोली, महापे, वाशी आणि सीबीडी बेलापूर या पट्ट्यातील अनेक कार्यालयांत खुर्ची रिकामी असते, पण समोरचा कॉम्प्युटर चालू असतो. ज्याची ती खुर्ची, तो कर्मचारी नेरुळ, खारघर किंवा डोंबिवलीच्या घरी बसून आपल्या लॅपटॉपवर तोच कॉम्प्युटर उघडून काम करत असतो. यालाच रिमोट डेस्कटॉप म्हणतात. ईमेल, एक्सेल, टायपिंग अशा कामांत सहसा अडचण येत नाही. अडचण सुरू होते ती आवाज आणि व्हिडिओ आले की. प्रशिक्षणाचा व्हिडिओ अडखळतो, रेकॉर्डिंगमधले शब्द तुटतात, किंवा हेडफोनमध्ये काहीच ऐकू येत नाही.

ग्राहकांचे कॉल ऐकून तपासणाऱ्या किंवा डॉक्टरांचे रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणाऱ्या व्यक्तीसाठी आवाज हेच काम असते. पडद्यावरचा मजकूर ऐकून काम करणाऱ्या दृष्टिहीन कर्मचाऱ्याचे तर आवाज गेला की सगळेच थांबते. हा बिघाड बहुतेक वेळा मोठा नसतो. मात्र तो घरच्या लॅपटॉपवर आहे, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे की मधल्या वाटेवर, हे न पाहताच दुरुस्ती सुरू होते आणि त्यातच वेळ जातो.

घरून काम एवढे कधी वाढले?

दूरसंचार साधनांवर चालणाऱ्या कॉल सेंटर व बीपीओ कंपन्यांसाठी दूरसंचार विभागाचे वेगळे नियम होते. त्यांत कर्मचाऱ्याने घरून काम करण्यावर अनामत रक्कम आणि ठरावीक प्रकारची जोडणी अशा अटी होत्या. करोनाच्या साथीत १३ मार्च २०२० रोजी विभागाने त्या तात्पुरत्या शिथिल केल्या. ५ नोव्हेंबर २०२० रोजी जाहीर झालेल्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांत घरून काम करण्याची मुभा कायमची सोपी करण्यात आली. त्यामुळे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अनेकांच्या कामाची जागा घर झाली, पण कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर आणि कंपनीची माहिती कार्यालयात किंवा डेटा सेंटरमध्येच राहिली. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे रिमोट डेस्कटॉप.

पडद्यामागे नेमके काय घडते?

रिमोट डेस्कटॉपमध्ये प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर चालत नाही, तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालतो. घरी येते ते त्याच्या पडद्याचे चित्र, आणि घरून तिकडे जातात ती माऊसची व कीबोर्डची हालचाल. १,९२० × १,०८० ठिपक्यांच्या पडद्याचे चित्र सेकंदाला ३० वेळा जसेच्या तसे पाठवायचे म्हटले, तर सेकंदाला सुमारे १४९ कोटी बिट लागतील. घरगुती इंटरनेटला ते झेपणारे नाही. म्हणून पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच, तोही आकसून, पाठवला जातो.

एक्सेलमध्ये एक आकडा बदलला तर पडद्याचा नखाएवढा भाग बदलतो. व्हिडिओ चालू झाला की मात्र त्या चौकटीतला जवळजवळ प्रत्येक ठिपका सेकंदाला २५-३० वेळा बदलत राहतो. एक्सेल सुरळीत चालणारी जोडणी व्हिडिओला मात्र कमी पडते, ती यामुळेच.

आवाजाचे गणित वेगळे आहे. सीडीच्या दर्जाचा, न आकसलेला आवाज सेकंदाला सुमारे १४ लाख बिट घेतो, आणि आकसल्यावर त्याहून बराच कमी. पण त्याला खंड चालत नाही. चित्राची एखादी चौकट गळली तर डोळ्याला कळत नाही. आवाजात क्षणभराची फट पडली तरी कानाला लगेच कळते.

ही सोय टप्प्याटप्प्याने आलेली आहे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीतून ही पद्धत आणली, तेव्हा तीत आवाज नव्हता. आवाज घरी आणण्याची सोय २००१ च्या विंडोज एक्सपीच्या काळात आली. घरचा माइक तिकडे पोहोचवण्याची सोय विंडोज ७ सोबत आली, तर अडखळत्या इंटरनेटला अधिक मानवणारी यूडीपी जोडणी विंडोज ८ पासून. जुना कॉम्प्युटर आणि नवा लॅपटॉप अशी जोडी असेल तर जुन्या बाजूला जेवढे जमते तेवढेच मिळते.

बिघाड कुठे आहे हे कसे ओळखावे?

सेटिंग बदलण्याआधी तीन चाचण्या कराव्यात. सगळ्या मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत.

१. रिमोट डेस्कटॉपची खिडकी खाली करून, त्याच हेडफोनवर, लॅपटॉपमधलेच एखादे गाणे लावावे. ते ऐकू आले नाही तर बिघाड घरच्या लॅपटॉपवर किंवा हेडफोनमध्ये आहे.

२. घरचा आवाज ठीक असेल तर रिमोट खिडकीतील, म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवरील, स्पीकरच्या चिन्हावर माऊस न्यावा. तिथे ‘रिमोट ऑडिओ’ असे नाव दिसायला हवे. ऑफिसमधल्या स्पीकरचे नाव दिसत असेल तर आवाज तिकडेच, रिकाम्या खुर्चीसमोर, वाजतो आहे. आवाजाचे कोणतेच साधन नाही असा संदेश असेल तर आवाज घरी पाठवण्याची सोय बंद आहे.

३. नाव बरोबर आहे आणि आवाज येतोही, पण तुटक किंवा उशिरा येतो, तर दोष बहुधा वाटेवर आहे. म्हणजे वायफाय, इंटरनेट किंवा व्हीपीएन.

आवाज अजिबात येत नसेल तर?

विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडल्यावर, कनेक्ट करण्याआधी, ‘शो ऑप्शन्स’वर क्लिक करावे. ‘लोकल रिसोर्सेस’ या पानावर ‘रिमोट ऑडिओ’ची सेटिंग असते. तिथे तीन पर्याय असतात: आवाज या कॉम्प्युटरवर वाजवा, वाजवू नका, किंवा दूरच्या कॉम्प्युटरवर वाजवा. घरी ऐकायचे असेल तर पहिला पर्याय निवडावा लागतो.

इथे दोन गोष्टींनी अनेकांची फसगत होते. एक, सेशन चालू असताना हा पर्याय बदलून उपयोग होत नाही. जोडणी तोडून पुन्हा जोडावी लागते. दोन, कंपनीने डेस्कटॉपवर तयार आयकॉन दिलेला असेल तर त्या फाइलमध्ये तिची स्वतःची सेटिंग साठवलेली असते. मूळ प्रोग्राममध्ये बदल केला आणि जोडणी मात्र त्या आयकॉनवरून केली, तर काहीच बदललेले नसते. त्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘एडिट’मध्ये जाऊन तिथली सेटिंग पाहावी.

तरीही आवाज आला नाही तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पुढील गोष्टी पाहाव्यात:

- ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ या दोन सेवा चालू आहेत का? विंडोज सर्व्हरवर ऑडिओची सेवा अनेकदा आपोआप सुरू होत नाही, आणि ती सुरू करण्याचा अधिकार सहसा आयटी विभागाकडेच असतो.
- व्हॉल्यूम मिक्सरमध्ये तो विशिष्ट प्रोग्राम, किंवा ब्राउझरमधला तो टॅब, म्यूट झाला आहे का?
- कंपनीच्या धोरणात आवाज बाहेर पाठवण्यास बंदी आहे का? माहितीच्या सुरक्षेसाठी बँका व विमा क्षेत्राची कामे करणाऱ्या कंपन्या अशी बंदी घालू शकतात. असे असेल तर कर्मचाऱ्याने कितीही सेटिंग बदलली तरी आवाज येणार नाही. परवानगीच मागावी लागेल.

एक साधा उपायही करून पाहावा. खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली तर तिकडचे सेशन तसेच चालू राहते आणि जुनी अडचणही तशीच राहते. सगळे काम सेव्ह करून ‘साइन आउट’ करावे आणि हेडफोन आधी जोडून मग नव्याने लॉगिन करावे.

मॅकवर हेच काम ‘विंडोज अ‍ॅप’ करते. सप्टेंबर २०२४ पर्यंत त्याचे नाव ‘मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप’ असे होते. त्यात प्रत्येक जोडणीच्या सेटिंगमध्ये आवाज कुठे वाजवायचा हे वेगळे ठरवावे लागते. तिकडचा कॉम्प्युटर लिनक्सचा असून त्यावर ‘एक्सआरडीपी’ असेल, तर आवाजासाठीचा भाग स्वतंत्रपणे बसवावा लागतो. तो नसेल तर चित्र उत्तम दिसते, पण आवाज येत नाही.

माइक चालत नसेल तर?

आवाज घरी येणे आणि घरचा माइक तिकडे जाणे या दोन वेगळ्या सोयी आहेत. ‘रिमोट ऑडिओ’च्या त्याच चौकटीत रेकॉर्डिंगचा पर्यायही असतो, आणि तो वेगळा चालू करावा लागतो. शिवाय घरच्या लॅपटॉपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप प्रोग्रामना माइक वापरण्याची परवानगी असावी लागते.

ब्लूटूथ हेडफोनचा एक प्रश्न रिमोट डेस्कटॉपच्या माथी मारला जातो. माइक चालू झाला की असे अनेक हेडफोन संगीताच्या पद्धतीतून फोनच्या पद्धतीत जातात आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा, दबका होतो. वायरचा किंवा यूएसबीचा हेडफोन लावून पाहिला की दोष कोणाचा हे लगेच कळते.

ऑनलाइन बैठकीसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे ती रिमोट खिडकीत न उघडता थेट घरच्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर उघडणे. नाहीतर सहकाऱ्याचा आवाज आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जातो, तिथून घरी येतो, आणि उत्तराला पुन्हा तोच फेरा पडतो. संभाषण सहज वाटण्यासाठी एका बाजूने लागणारा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. दुहेरी फेऱ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि दोघे एकाच वेळी बोलू लागतात. मात्र एकच बैठक दोन्हीकडे उघडून दोन्हीकडचा आवाज चालू ठेवू नये, आवाज घुमतो.

व्हिडिओ अडकत असेल तर?

बरेच जण यूट्यूबवर करतात तसे व्हिडिओची क्वालिटी कमी करतात. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा नेटफ्लिक्स, हॉटस्टार, यूट्यूबसारख्या सेवांनीही मोबाइल जाळ्यावरील भार कमी करण्यासाठी तिथला दर्जा ४८०पी पर्यंत उतरवला होता. पण रिमोट डेस्कटॉपमध्ये या उपायाचा फायदा मर्यादित असतो. क्वालिटी कमी केल्याने ऑफिसच्या इंटरनेटवरचा भार हलका होतो. घरी मात्र पडद्याचे चित्रच येत असते, आणि तोच व्हिडिओ पूर्ण पडद्यावर पसरला असेल तर बदलणारे ठिपके तेवढेच राहतात. म्हणून व्हिडिओची खिडकी लहान करावी. लांबी-रुंदी निम्मी केली की बदलणारा भाग एकचतुर्थांश होतो. दोन मॉनिटर जोडलेले असतील तर एकावरच काम करावे.

त्यानंतर जोडणी पाहावी. पूर्ण पडद्यावर सेशन चालू असताना वर दिसणाऱ्या पट्टीत सिग्नलचे चिन्ह असते. त्यावर क्लिक केल्यास जोडणीचा दर्जा आणि यूडीपी चालू आहे की नाही हे कळते. यूडीपी बंद असेल तर सगळा भार टीसीपीवर येतो. टीसीपीमध्ये एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे थांबून राहतात. व्हिडिओ काही क्षण गोठतो आणि मग एकदम पळतो तो अनेकदा यामुळे. काही व्हीपीएन किंवा फायरवॉल यूडीपी अडवतात. ते सोडवणे आयटी विभागाचे काम आहे.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर तो भास नसतो. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते, असे प्रसारणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत नमूद आहे. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या मार्गिकांनी येत असल्याने गर्दीत एक मागे पडते. व्हिडिओ क्षणभर थांबवून पुन्हा चालू केल्यास बऱ्याचदा दोन्ही जुळतात.

चित्रपट किंवा मालिकेच्या जागी फक्त काळी चौकट दिसत असेल, तर तो बहुधा बिघाड नसतो. कॉपी होऊ नये म्हणून संरक्षित केलेले चित्र रिमोट सेशनमध्ये दाखवले जात नाही.

घरच्या इंटरनेटचे काय?

नवी मुंबईतील दाट वसाहतींत एका इमारतीत डझनावारी वायफाय राउटर असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यात मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथचीही भर पडते. शक्यतो लॅपटॉप राउटरला केबलने जोडावा. ते जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचे वायफाय वापरावे आणि राउटरच्याच खोलीत बसावे. वेग मोजणाऱ्या संकेतस्थळावर १०० एमबीपीएस दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. आवाजासाठी वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे असते. पिंगचा आकडा कधी १० तर कधी २०० दाखवत असेल तर शब्द तुटणारच.

अंतरही मोजावे. कंपनीचा कॉम्प्युटर महापे किंवा पनवेलच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर प्रश्न नाही. तो अमेरिकेत असेल तर मात्र प्रकाशही वेळ घेतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सुमारे १२,५०० किलोमीटर अंतर जाऊन येण्यासच किमान १२५ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात केबल वळणावळणाने जात असल्याने त्याहून अधिक. हा उशीर कोणत्याही सेटिंगने जात नाही.

वीज हा आणखी एक मुद्दा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी असूनही अनेकांचे काम थांबले, कारण राउटर बंद पडला होता. राउटरपुरता छोटा यूपीएस घेतला तर दिवे गेल्यावरही सेशन तुटत नाही.

दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी वेगळा मार्ग आहे का?

आहे. स्क्रीन रीडर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बोलला आणि तो आवाज घरी आला, तर प्रत्येक कळ दाबल्यावर उत्तर उशिरा ऐकू येते. दिवसभर असे काम करणे थकवणारे असते. त्यापेक्षा तिकडून फक्त मजकूर यावा आणि तो घरच्या लॅपटॉपने बोलावा. मोफत उपलब्ध असलेल्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये अशी सोय २०२५.१ या आवृत्तीपासून मुळातच आहे. त्याआधी ती वेगळे अ‍ॅड-ऑन घेऊन मिळत असे. त्यासाठी दोन्ही कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि कंपनीची परवानगी लागते. जॉजमध्येही रिमोट सेशनसाठी अशी व्यवस्था आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार वाजवी सोय पुरवणे सरकारी आस्थापनांना बंधनकारक आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणे अपेक्षित आहे. त्यामुळे अशी परवानगी मागताना संकोच करण्याचे कारण नाही.

मदत मागताना कोणती काळजी घ्यावी?

आवाज येत नाही म्हणून इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधून फोन करू नये. मदतीच्या नावाखाली एनीडेस्कसारखे अ‍ॅप घ्यायला लावून खाते रिकामे करण्याच्या प्रकारांबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. अ‍ॅप खरे असले तरी समोरचा माणूस खरा असेलच असे नाही. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तातडीने कळवावे. तसेच व्हीपीएनचा त्रास टाळण्यासाठी रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. पासवर्ड फोडणारे प्रोग्राम अशीच उघडी पोर्ट शोधत असतात.

आयटी विभागाला कळवताना ‘आवाज येत नाही’ एवढेच लिहिल्यास तिकीट दोन दिवस फिरत राहते. त्याऐवजी पाच गोष्टी लिहाव्यात: आवाज अजिबात नाही की तुटक आहे, घरच्या लॅपटॉपवर गाणे वाजते का, रिमोट खिडकीत स्पीकरचे नाव काय दिसते, जोडणी केबलवर, वायफायवर की मोबाइलवर, आणि व्हीपीएन व यूडीपी चालू आहे का. एवढ्या माहितीवर दोष घरात, वाटेवर की कार्यालयात हे बहुतेक वेळा पहिल्याच उत्तरात ठरते.